एफसीआर: एक आकडा, अनेक चकवे
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, फक्त जनावर वेगळं: खाद्य भागिले वजनवाढ, म्हणजे एफसीआर (जितका कमी तितका चांगला), आम्ही काढला, आता त्यावर विश्वास ठेवायचा किती? काही पत्रं थोडक्यात करून उत्तरं देत आहोत. उदाहरणांतले ज्यांना ‘समजा’ म्हटलं आहे ते आकडे समजावून सांगण्यापुरते आहेत.

प्रश्न : आमचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीशी करार आहे. मागच्या बॅचला सरासरी वजन १.९ किलो आणि एफसीआर १.५५ बसला. या बॅचला वजन २.३ किलो गेलं, पण एफसीआर १.६२ झाला. सुपरवायझर म्हणतात बॅच ढासळली. खरंच ढासळली का?
– ब्रॉयलर उत्पादक, ता. संगमनेर

ढासळली नाही, उलट थोडी सुधारली आहे. पक्षी जसा मोठा होतो तसं त्याला नुसतं जगायलाच जास्त खाद्य लागतं, शिवाय शेवटच्या आठवड्यांतल्या वाढीत चरबीचा वाटा चढता असतो. त्यामुळे शेवटचे दोन-चारशे ग्रॅम सुरुवातीच्या वाढीपेक्षा नेहमीच महाग पडतात. तोच पक्षी, तेच खाद्य, तोच सांभाळ असला तरी वजन वाढलं की एफसीआर चढणारच.

म्हणून वेगवेगळ्या वजनाला उचललेल्या बॅचेस आधी एका वजनावर आणाव्या लागतात. धंद्यात बऱ्याच ठिकाणी २ किलो हा पाया धरतात आणि सीएफसीआर, म्हणजे वजनाची दुरुस्ती केलेला एफसीआर, असा काढतात: एफसीआर + (२ − सरासरी वजन) × ०.२५. तुमची मागची बॅच १.५५ + ०.१ × ०.२५ म्हणजे १.५७५ आणि ही बॅच १.६२ − ०.३ × ०.२५ म्हणजे १.५४५. सुपरवायझरांना हाच हिशोब दाखवा. मात्र ०.२५ हा काही निसर्गनियम नाही. वेगवेगळ्या कंपन्या वेगळा आकडा वापरतात, तेव्हा तुमच्या करारात कोणता आहे ते लेखी मागून घ्या. दुसरं म्हणजे ही दुरुस्ती २ किलोच्या आसपासच चालते. १.२ किलोचा तंदुरी पक्षी किंवा ३ किलोचा पक्षी या सूत्रात घालू नका.

याच हिशोबात मरतुकीचाही घोळ असतो. समजा ५,००० पिल्लं टाकली, ४,७५० पक्षी २.१ किलोने उचलले गेले, म्हणजे ९,९७५ किलो. खाद्य गेलं १६,००० किलो. एफसीआर १.६०. मेलेल्या २५० पक्ष्यांनीही मरेपर्यंत खाल्लंच होतं. ते सरासरी ८०० ग्रॅमचे होऊन मेले असतील तर त्यांचे २०० किलो धरून एफसीआर १.५७ होतो, उशिरा म्हणजे १.६ किलोचे होऊन मेले असतील तर १.५४. आणि पिल्लाचं सुरुवातीचं ४०-४२ ग्रॅम वजन विकलेल्या वजनातून वजा करणाऱ्याला हाच लॉट १.६४ दिसेल. चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पैशाच्या हिशोबाला विकलेलं वजन घ्या, खाद्य कसं आहे हे तपासायचं असेल तर मेलेल्यांचं वजन मिळवा. त्यासाठी रोजची मरतूक नुसती मोजायची नाही, काट्यावर टाकून वहीत मांडायची.

प्रश्न : सहा उस्मानाबादी बोकड वेगवेगळ्या खणात बांधून ६० दिवस नवीन खुराक दिला. प्रत्येकाचा एफसीआर काढून सरासरी घेतली तर १४.५ आली. आमच्या ओळखीचे पशुवैद्यक त्याच वहीवरून ९ म्हणतात. आकडे तेच, मग उत्तर वेगळं कसं?
– शेळीपालक, ता. परांडा, जि. धाराशिव

तुम्ही पाठवलेली वही इथे उतरवतो, कारण सगळा मामला त्यातच आहे. साठ दिवसांत खाल्लेला शुष्क पदार्थ (खाद्यातलं पाणी वगळून उरतं ते) किलोत: ४२, ४५, ४०, ४१, ३९, ३३. वजनवाढ: ५.४, ६.०, ४.८, ५.२, ४.६ आणि शेवटच्या बोकडाची फक्त ०.७. पहिल्या पाचांचे एफसीआर ७.५ ते ८.५ च्या दरम्यान आहेत. सहाव्याचा ३३ भागिले ०.७, म्हणजे ४७. या एकट्याने सरासरी १४.५ वर नेली, जिथे सहापैकी एकही बोकड प्रत्यक्षात नाही.

पशुवैद्यकांनी एकूण खाद्य २४० किलो भागिले एकूण वाढ २६.७ किलो केलं, ते ८.९९ आलं. गटाचा एफसीआर म्हणून हेच उत्तर धरा. आणखी गंमत पाहा: भागाकार उलटा करून, म्हणजे दर किलो खाद्यामागे किती वाढ ते प्रत्येकाचं काढून सरासरी घेतली आणि ती पुन्हा उलटवली, तर ९.२६ येतं. एकच वही, तीन उत्तरं. गुणोत्तरांची सरासरी आणि सरासरींचं गुणोत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छेदातला आकडा जितका वर-खाली होतो तितकी त्यांच्यातली दरी रुंदावते.

छेद शून्याजवळ गेला की गुणोत्तराला धरबंध राहत नाही. समजा सहावा बोकड आजारी पडून उलट अर्धा किलो घटला असता. मग त्याचा एफसीआर −६६ आणि गटाची सरासरी −४.३. सर्वांत वाईट जनावर आल्यामुळे गट सर्वांत ‘चांगला’ दिसला! बेरजांचा भागाकार तेव्हाही शहाण्यासारखा वागतो: २४० भागिले २५.५, म्हणजे ९.४१.

सहाव्या बोकडाला हिशोबातून काढायचं का? आकडा आवडला नाही म्हणून काढू नका. जंत, अपचन, पायाची जखम असं कारण त्याच वेळी वहीत नोंदलेलं असेल तर काढा, आणि ‘काढला’ असं लिहून ठेवा. कारण सापडत नसेल तर तो राहील. कदाचित तुमचा खुराकच त्याला मानवला नसेल.

आता वजनाकडे या, कारण छेद बिघडतो तो बहुतेक वेळा काट्यावर. पोटातला चारा-पाणी हा मोठा घटक असतो. वीस किलोचा बोकड पाणी पिऊन आला की अर्धा-पाऊण किलो सहज जास्त भरतो. रोजची वाढ ९० ग्रॅम आणि खाणं ७०० ग्रॅम धरा. पंधरा दिवसांत खाणं १०.५ किलो, खरी वाढ १.३५ किलो, एफसीआर ७.८. वजनात ०.७ किलोची चूक वरच्या बाजूला झाली तर एफसीआर ५.१, तेवढीच खालच्या बाजूला झाली तर १६.२. चूक दोन्हीकडे सारखी, पण एफसीआर एकीकडे पावणेतीनने खाली आणि दुसरीकडे सव्वाआठने वर. म्हणून अशा चुका सरासरीत एकमेकींना खाऊन टाकत नाहीत. सरासरी कायम वरच ढकलली जाते. साठ दिवसांच्या ५.४ किलो वाढीत तीच ०.७ किलो म्हणजे जेमतेम १३ टक्के.

तेव्हा पंधरा दिवसांचा एफसीआर काढूच नका. सकाळी वैरण-पाण्याआधी, सुरुवातीला आणि शेवटी लागोपाठ दोन दिवस वजन करून सरासरी घ्या. मध्ये दर पंधरवड्याला एक वजन घ्या आणि सगळ्या वजनांतून सरळ रेषा बसवून रोजची वाढ काढा. नुसतं शेवटचं वजा पहिलं करू नका. मांसल गोवंशावरच्या चाचण्यांत खाणं मोजायला सुमारे ३५ दिवस पुरतात, पण वाढ भरवशाने मोजायला ७० दिवस लागतात असं दिसून आलं आहे. वाढ मोजणंच अवघड, आणि नेमकी तीच आपण छेदात बसवतो.

प्रश्न : आमच्याकडे वीस बोकड एकाच गव्हाणीवर खातात. एकूण खुराक भागिले वीस करून प्रत्येकाचं खाणं धरलं आणि प्रत्येकाचा एफसीआर काढला. पैदाशीसाठी नर याच यादीतून निवडावा का?
– शेळीपालक, ता. फलटण

नको. सगळ्यांचं खाणं सारखंच धरलं तर एफसीआर म्हणजे एक ठरीव आकडा भागिले वाढ. ती यादी वजनवाढीचीच आहे, फक्त उलटी लिहिलेली. खाण्याबद्दल तिच्यात एका अक्षराचीही माहिती नाही, आणि आडदांड बोकड दुसऱ्याला रेटून दीडपट खात असेल तर तोच यादीत वर येईल. वाढीवर निवड करायची तर सरळ वाढ म्हणा. एका गव्हाणीचा एफसीआर एकच, मग तिच्यावर वीस जनावरं असोत की दोनशे.

प्रश्न : प्रबंधासाठी ४० करडांची नोंद आहे. एफसीआर आणि दैनिक वाढ यांचा सहसंबंध −०.७४ आला. ‘झपाट्याने वाढणारी करडं खाद्याचा वापर अधिक कार्यक्षमतेने करतात’ असा निष्कर्ष लिहिला आहे. मार्गदर्शकांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढलं आहे.
– पशुपोषणाची पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

प्रश्नचिन्ह योग्य जागी आहे. एफसीआरच्या छेदात वाढच बसली आहे, आणि तुम्ही त्याचा संबंध पुन्हा वाढीशीच लावता. एक प्रयोग करून पाहा, एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. खाण्याचा स्तंभ वेगळा उचला, शेजारी यादृच्छिक आकडे टाकून त्यावर क्रम लावा आणि विस्कटलेला स्तंभ वाढीशेजारी परत ठेवा. आता पहिल्या करडाच्या वाढीला सत्ताविसाव्याचं खाणं जोडलं गेलं, म्हणजे जीवशास्त्र संपलं. तरीही भागाकार करून वाढीशी सहसंबंध काढा. खाण्यातला फरक सरासरीच्या १० टक्के आणि वाढीतला २० टक्के असेल तर तो −०.९ च्या आसपास येईल. निव्वळ भागाकारातूनच एवढा येत असेल, तर −०.७४ वर करडांच्या कार्यक्षमतेचा निष्कर्ष टांगता येत नाही.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने हे १८९७ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. हाडांच्या ढिगातून मांडीचं, नडगीचं आणि दंडाचं हाड कसंही उचलून सांगाडे जुळवले, आणि पहिली दोन हाडं तिसऱ्याने भागली, तर त्या दोन भागाकारांत सहसंबंध दिसतो. हाडं वेगवेगळ्या माणसांची असली तरी. पशुपोषणाच्या प्रबंधांत ही चूक अजून सुखेनैव नांदते आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. भागाकार केला की जनावराच्या आकाराचा आणि वाढीचा परिणाम निघून जातो असं आपण गृहीत धरतो. ते खरं व्हायला खाणं आणि वाढ यांची रेषा शून्यातून जायला हवी. ती जात नाही, कारण वाढ शून्य असली तरी जनावर खातंच. समजा वीस किलोच्या करडाला निर्वाहाला ५०० ग्रॅम आणि वाढीच्या प्रत्येक ग्रॅमला २.५ ग्रॅम शुष्क पदार्थ लागतो. रोज ५० ग्रॅम वाढणाऱ्याचा एफसीआर १२.५, १०० ग्रॅमवाल्याचा ७.५, १५० ग्रॅमवाल्याचा ५.८. तिघांची पचनशक्ती, निर्वाह, वाढीचा खर्च सगळं तंतोतंत सारखं आहे. मालकाला तिसरं करडू परवडतं हे खरंच, पण ‘खाद्याचा वापर अधिक कार्यक्षमतेने करतं’ हे वाक्य त्याला लागू नाही. ते फक्त जास्त वाढतं. म्हणूनच नुसत्या एफसीआरवर पिढ्यान्‌पिढ्या निवड केली की पुढे प्रौढ वजन वाढत जातं आणि कळपातल्या माद्यांचा रोजचा निर्वाहखर्च चढतो.

मग करायचं काय? भागाकार सोडा आणि खाणं डाव्या बाजूला ठेवून प्रतिगमन करा, म्हणजे वजन आणि वाढ यांवरून खाण्याचा अंदाज देणारी रेषा आकड्यांतून बसवा. १९६३ मध्ये कॉच आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं उर्वरित खाद्यग्रहण, म्हणजे आरएफआय, ते हेच. प्रत्येक करडाचं चाचणीच्या मध्यावरचं वजन घ्या, त्याचा ०.७५ घात काढा. (२० किलोचे ९.४६ आणि २५ किलोचे ११.१८ होतात, वजन २५ टक्क्यांनी वाढलं तरी निर्वाह १८ टक्क्यांनीच वाढतो.) रोजचा शुष्क पदार्थ हा अवलंबी चल; घातवजन आणि दैनिक वाढ हे स्वतंत्र चल. रेषेने सांगितलेलं खाणं प्रत्यक्षातून वजा केलं की उरतो तो आरएफआय. उणे आला तर करडू अपेक्षेपेक्षा कमी खाऊन तेवढंच वाढलं.

तीन गोष्टी सांभाळा. आरएफआय त्या गटापुरताच असतो. तुमच्या करडाचा −४० ग्रॅम आणि दुसऱ्या फार्मवरचा −४० ग्रॅम एक नव्हेत. उरलेल्या आकड्यात मोजमापाच्या सगळ्या चुकाही जमा होतात, म्हणून सांडलेला चारा नीट वजन केला नसेल तर ‘कार्यक्षम’ ठरतं ते नीटनेटकं खाणारं करडू. आणि खुराकांची तुलना करायची असेल तर आधी आरएफआय काढून मग त्यावर टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी) लावू नका. खुराक हा चल त्याच समीकरणात वजन आणि वाढीसोबत टाका. दोन टप्प्यांत केल्याने परिणाम दबतो. खुराक बदलल्याने वाढच बदलली असेल, तर खाणं आणि वाढ यांचे दोन स्वतंत्र तक्तेही द्या, म्हणजे फरक कुठून आला ते वाचणाऱ्याला कळेल.

विद्यापीठाच्या नमुन्यात एफसीआरचा रकाना भरावाच लागतो, तर लॉगरिदम घेऊन भरा. लॉग खाणं वजा लॉग वाढ यावर विश्लेषण केलं की भागाकार सुलटा धरला काय अन् उलटा धरला काय, निष्कर्ष तोच राहतो. वाढ शून्य किंवा उणे असलेल्या करडाचा लॉग निघत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

प्रश्न : दोन एचएफ संकरित गायी. एक नुकतीच व्यालेली, २२ किलो दूध. दुसरी व्याल्याला सात महिने, गाभण, १६ किलो. दोघींचं खाणं सारखंच. दर किलो खाद्यामागे दूध पाहता दुसरी विकावी का?
– दूध उत्पादक, ता. शिरोळ

या आकड्यांवर तरी विकू नका. तुमच्या यादीप्रमाणे २५ किलो हिरवी वैरण, ४ किलो कडबा आणि ६ किलो आंबोण. हिरव्यात शुष्क पदार्थ २० टक्के, बाकीच्यांत ९० टक्के धरला तर ५ + ३.६ + ५.४, म्हणजे १४ किलो. पहिलीचं गुणोत्तर १.५७, दुसरीचं १.१४. पण ताजी व्यालेली गाय अंगावरचं झडवून दूध देते. एक किलो वजन झडलं तर त्या ऊर्जेवर साधारण ५-६ किलो दूध निघू शकतं. ती रोज ७०० ग्रॅम उतरत असेल तर २२ पैकी सुमारे ४ किलो दूध तुमच्या गव्हाणीतलं नाही, तिच्या पाठीवरचं आहे. ते वजा केलं तर १.२९ उरतात. दुसरी मात्र खाल्लेल्यातून झडलेलं भरून काढते आहे आणि पोटातलं वासरूही पोसते आहे. पहिलीच्या नावावर जमा झालेली उसनवारी दुसरी फेडते आहे, एवढाच फरक. तुलना करायची तर दोघींची व्याल्यापासूनच्या त्याच महिन्यातली करा, किंवा वेत ते वेत, भाकडकाळाच्या खाण्यासकट. शिवाय दोघींना तुम्हीच मापून सारखं घालत असाल तर फलटणच्या वाचकांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू: ती यादी नुसती दुधाची आहे.

ओल्या वजनावर हा हिशोब कधीच करू नका. वरच्या २५ किलो हिरव्याऐवजी १५ किलो मुरघास घातला (शुष्क पदार्थ ३३ टक्के), तर गायीला मिळणारं जवळपास तेवढंच, पण ओल्या वजनावरचं गुणोत्तर ०.६३ वरून ०.८८ वर उडी मारतं. फायदा कुणाचाच नाही, कमी झालं ते पाणी.

म्हैस आणि गाय शेजारी ठेवताना फॅट समान करून घ्या. चार टक्के फॅटचं दूध = ०.४ × दूध + १५ × फॅट (किलोत). दहा किलो दूध, ७ टक्के फॅट असलेल्या म्हशीचं ते १४.५ किलो होतं. २२ किलो, ३.५ टक्केवाल्या गायीचं २०.३५. म्हैस ११.५ किलो आणि गाय १५ किलो शुष्क पदार्थ खात असेल तर कच्चं गुणोत्तर ०.८७ विरुद्ध १.४७ आणि फॅट समान केल्यावर १.२६ विरुद्ध १.३६. आणि डेअरीची पावती लिटरात असेल तर १.०३ ने गुणून किलो करा.

प्रश्न : शेततळ्यातल्या तिलापियाचा एफसीआर ०.९ आला. एक किलो खाद्यातून एक किलोपेक्षा जास्त मासा निघतो, हे कसं?
– मत्स्यपालक, ता. इंदापूर

खाद्य कोरडं आणि मासा ओला मोजला म्हणून. ०.९ किलो खाद्यात शुष्क पदार्थ ८१० ग्रॅम. एक किलो माशात सुमारे २५० ग्रॅम, बाकी पाणी. कोरड्याला कोरडं लावलं तर ३.२ येतो. वरून तळ्यातलं शेवाळ आणि प्लवंगही मासे खातात, ते तुमच्या गोणीच्या हिशोबात नाही. त्यामुळे मासा-कोंबडी-बोकड अशी एफसीआरची उतरंड लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : नवीन खाद्याने एफसीआर ०.०५ ने सुधारतो असं विक्रेता सांगतो. गोणी महाग आहे. स्वतःच्या शेडमध्ये तपासता येईल का?
– ब्रॉयलर उत्पादक, ता. खानापूर, जि. सांगली

आधी भाव लावून पाहा. समजा जुनं खाद्य ३८ रुपये किलो आणि एफसीआर १.६५, तर दर किलो वजनाला ६२.७० रुपये. नवं ४२ रुपये आणि एफसीआर त्याच्या म्हणण्याप्रमाणे १.६०, तर ६७.२०. दावा खरा ठरला तरी तोटा. ३८ रुपयांच्या जागी नव्याला जास्तीत जास्त ३९.१८ रुपये देता येतील.

एका शेडला नवं, दुसऱ्याला जुनं असं करू नका. फरक पडला तर तो खाद्याचा की शेडचा हे कळणार नाही. एकाच शेडला जाळी लावून आठ सारखे खण करा, चिठ्ठ्या टाकून चार खणांना नवं, चारांना जुनं. प्रत्येक खणाची गोणी, उरलेलं खाद्य आणि मरतूक वेगळी मोजा, आणि खणागणिक सीएफसीआर काढा. खणात पन्नास पक्षी असले तरी नमुने आठच, चारशे नव्हेत. एकच खाद्य खाणाऱ्या खणांच्या सीएफसीआरमध्येही फरक राहतोच. त्याचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात ते) ०.०५ धरलं तर आठ खणांत ०.०९ पेक्षा लहान फरक निव्वळ योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. विक्रेत्याचे ०.०५ त्यात बुडून जातील. ते पाचांपैकी चार वेळा पकडायचे तर प्रत्येक खाद्याला सोळा-सोळा खण लागतील. एवढी जाळी नसेल तर तेच आठ खण लागोपाठ चार बॅचेस चालवा, दर बॅचला चिठ्ठ्या नव्याने टाका, आणि तुलना त्या-त्या बॅचच्या आतच करा.